चालू उत्प्रेरक पाहायचा कसा: भट्टीपासून अणूपर्यंत

साळगावच्या घनकचरा प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस तयार होतो. बायोगॅसमध्ये साधारण ६० टक्के मिथेन असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि कुजक्या अंड्यांचा वास देणारा थोडासा हायड्रोजन सल्फाइड. यातले दोन मोठे वायू निकेल या उत्प्रेरकावरून ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास नेले की त्यांचं कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन होतं. या अभिक्रियेला ड्राय रिफॉर्मिंग म्हणतात. कागदावर ती फार सुंदर दिसते. प्रत्यक्षात निकेलवर काजळी बसते, कण एकमेकांत मिसळून जाड होतात, गंधक पृष्ठभाग अडवतं, आणि उत्प्रेरक मरतो. तो नेमका कशाने मेला हे शोधण्यात माझी पीएच.डी.ची पाच वर्षं गेली. पणजीजवळच्या एका प्रयोगशाळेत नळ्या जोडत, थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) बदलत मी जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. गोव्यात एम.एस्सी. करून या कामात उतरणाऱ्या मुलामुलींना ते वापरता यावं, एवढीच इच्छा आहे.

उदाहरण सगळीकडे एकच घेते: गॅमा अ‍ॅल्युमिनावरचं १० टक्के निकेल. गॅमा अ‍ॅल्युमिना म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचं एक सच्छिद्र रूप. पद्धत मात्र कुठल्याही घन उत्प्रेरकाला लागू आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. उत्प्रेरकाचा फोटो किंवा वर्णपट घ्याल त्या क्षणी तो किती काम करतो आहे, हेही मोजा. काम न करणाऱ्या उत्प्रेरकाचं चित्र कितीही देखणं असलं तरी ते दुसऱ्याच पदार्थाचं चित्र असतं. भट्टीतून काढून हवेत ठेवलेल्या निकेलवर काही मिनिटांत ऑक्साइडचा थर येतो. सूक्ष्मदर्शकाखाली तुम्ही तो थर पाहता आणि लेखात लिहिता 'सक्रिय निकेल'. नमुना कामाच्या स्थितीत असताना त्याची रचना आणि त्याचं काम एकाच वेळी मोजण्याला 'ऑपरेंडो' म्हणतात. २००२च्या सुमारास स्पेनच्या मिगेल बान्यारेस यांनी हा शब्द रूढ केला. नुसतं गरम करून, वायू सोडून पाहणं म्हणजे 'इन सिटू'. दोन्हींत फरक आहे, आणि तो फरक बाहेर पडणाऱ्या वायूच्या मोजमापाचा आहे.

प्रश्न एका वाक्यात लिहा

यंत्राची वेळ मागण्याआधी वहीत एक वाक्य लिहा. 'उत्प्रेरकाचा अभ्यास करणे' हे वाक्य चालणार नाही. 'दहा तासांनी मिथेनचं रूपांतरण घटतं ते काजळीमुळे की निकेलचे कण वाढल्यामुळे?' हे चालेल. अशा प्रश्नातून पातळ्या आपोआप ठरतात. काजळी नळीत भरलेल्या उत्प्रेरकाच्या थराच्या तोंडाशी जास्त आहे की सगळीकडे सारखी, हे सेंटिमीटरवर कळतं. गोळीच्या सालीवर आहे की गाभ्यात, ते मिलिमीटरवर. तंतूसारखी वाढली आहे की कणावर टोपीसारखी बसली आहे, ते नॅनोमीटरवर. निकेल धातूरूपात आहे की ऑक्साइड झालं आहे, ते अणूंच्या पातळीवर. मोठ्या पातळीवरून लहान पातळीकडे उतरा. उलट जाणारे बरेच जण पाहिले. त्यांच्याकडे एका कणाचा अप्रतिम फोटो असतो, पण तो कण अब्जावधी कणांचा प्रतिनिधी आहे का, हे सांगता येत नाही.

भट्टीची पातळी: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

सुरुवात साध्या क्वार्ट्झच्या नळीतल्या थरापासून. उत्प्रेरक चाळून घ्या. १०० मायक्रोमीटरच्या आसपासचे कण आणि नळीचा आतला व्यास कणाच्या दहापट तरी, म्हणजे वायू कडेने पळत नाही. त्यात तेवढ्याच आकाराचं सिलिकॉन कार्बाइड किंवा क्वार्ट्झची पूड मिसळा. ड्राय रिफॉर्मिंग उष्णता ओढून घेतं, दर मोल मिथेनमागे सुमारे २४७ किलोज्यूल. त्यामुळे भट्टी ७०० दाखवत असताना थराच्या तोंडाशी तापमान बरंच खाली असू शकतं. थर्मोकपल भट्टीच्या भिंतीला लावून समाधान मानू नका, त्याचं टोक थरात असलं पाहिजे.

पुढची चूक फार पसरलेली आहे. बरेच प्रयोग समतोलाच्या, म्हणजे त्या तापमानाला अभिक्रिया जास्तीत जास्त जिथवर जाऊ शकते त्या मर्यादेच्या, जवळच्या रूपांतरणावर केले जातात. उत्प्रेरक गरजेपेक्षा जास्त भरला की थराचा वरचा अर्धा भाग मेला तरी खालचा अर्धा काम उरकतो. बाहेरचा आकडा दिवसेंदिवस सपाट राहतो आणि आपण लिहितो 'अत्यंत स्थिर उत्प्रेरक'. मग एका सकाळी तो आकडा कोसळतो. मरण पहिल्या तासापासून चालूच होतं, फक्त ते थरातून खाली सरकत होतं. म्हणून वजन कमी करा, प्रवाह वाढवा, आणि समतोलापासून पुरेसे खाली राहून मोजा. खरा दर हवा असेल तर रूपांतरण १० टक्क्यांच्या आत ठेवा.

मग दोन चाचण्या करा. त्यांच्याशिवाय पुढचे आकडे निराधार राहतात. पहिली: कणाचा आकार निम्मा करून दर पाहा. बदलला, तर वायू कणाच्या आत पोचायला वेळ घेतो आहे आणि तुम्ही रसायनाऐवजी विसरण मोजता आहात. दुसरी: वजन आणि प्रवाह दोन्ही एकाच प्रमाणात दुप्पट करा. रूपांतरण बदललं, तर कणाबाहेरची वाहतूक अडते आहे. दोन्हींत आकडा हलला नाही तरच लहान पातळीवरच्या निरीक्षणाशी त्याची सांगड घालण्यात अर्थ आहे.

बाहेरचा वायू गॅस क्रोमॅटोग्राफने (मिश्रणातले वायू वेगळे करणाऱ्या यंत्राने) मोजा, आणि झटपट बदल पाहायला सोबत मास स्पेक्ट्रोमीटर (रेणू वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) लावा. वाहक वायू नायट्रोजन ठेवू नका. नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड दोघेही २८ या वस्तुमानावर दिसतात, आणि कार्बन डायऑक्साइडचा एक तुकडाही तिथेच पडतो. अ‍ॅरगॉन किंवा हेलियम घ्या. आणि उशीर मोजा. भट्टी ते यंत्र ३ मीटर नळी असेल, आतला व्यास २ मिलिमीटर, प्रवाह मिनिटाला ३० मिलिलिटर, तर वायू पोचायला जवळजवळ १९ सेकंद लागतात. वर्णपट दर सेकंदाला घेत असाल तर हा उशीर वजा केल्याशिवाय कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. अ‍ॅरगॉनवरून हेलियमवर झटकन बदल करा आणि घड्याळ लावा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता जिवाशी संबंधित गोष्ट. निकेल आणि कार्बन मोनॉक्साइड थंड तापमानाला एकत्र आले की निकेल टेट्राकार्बोनिल तयार होतं. ते ४३ अंशांना उकळतं आणि अतिशय विषारी आहे. प्रयोग संपला की भट्टी २०० अंशांच्या खाली जाण्याआधी सगळा कार्बन मोनॉक्साइड अ‍ॅरगॉनने धुऊन काढा. याला अपवाद नाही. पहिल्या पावसात वीज गेली आणि तुम्ही कॅन्टीनमध्ये असाल तर हे कोण करणार? त्यासाठी झडपा अशा निवडा की वीज गेल्यावर मिथेन, हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड बंद होतील आणि अ‍ॅरगॉन आपोआप चालू होईल. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा, आणि तो चालतो का हे दर महिन्याला पाहायला हवं. शुद्ध कार्बन मोनॉक्साइड स्टीलच्या सिलिंडरमध्ये असेल तर त्यात लोहाचं कार्बोनिल तयार होतं आणि ते तुमच्या उत्प्रेरकावर लोखंड आणून टाकतं. सिलिंडर अ‍ॅल्युमिनियमचा मागवा.

तापमान: प्रत्येक कोषाचं वेगळं खोटं

कोष म्हणजे यंत्राखाली नमुना तापवून त्यावर वायू सोडायची बंद डबी. भट्टी, रामनचा (लेझरचा विखुरलेला प्रकाश मोजणाऱ्या यंत्राचा) कोष, इन्फ्रारेडचा कोष, एक्स-रेचा कोष हे सगळे पडद्यावर '५००' दाखवतात. नमुन्याचं तापमान प्रत्येकात निराळं असतं, दहावीस अंशांचा फरक तर सहज. माझा एक संपूर्ण पावसाळा यात वाया गेला. रामनच्या कोषात काजळी 'लवकर' जळते, असं मला वाटत होतं. खरं तर तो कोष दाखवत होता त्याहून जास्त तापलेला होता. माझ्या मार्गदर्शक बाईंनी निष्कर्ष वाचला आणि एवढंच विचारलं, "कथिल वितळवून पाहिलंस का?" पाहिलं नव्हतं.

पद्धत अगदी साधी आहे. नमुन्याच्या जागी कथिलाचा बारीक तुकडा ठेवा, निष्क्रिय वायू सोडा आणि हळूहळू तापवा. कथिल २३१.९ अंशांना वितळतं, शिसं ३२७.५ ला, जस्त ४१९.५ ला. सूक्ष्मदर्शकातून पाहताना कडा गोल होतात तो क्षण स्पष्ट दिसतो. त्याहून वर क्वार्ट्झ ५७३ अंशांना अल्फा रूपातून बीटा रूपात जातो, तो बदल एक्स-रे विवर्तनात (स्फटिकाची रचना एक्स-रेच्या शिखरांवरून ओळखण्याच्या पद्धतीत) पकडता येतो. पडद्यावरचा आकडा आणि खरा आकडा यांचा आलेख प्रत्येक कोषाला चिकटवून ठेवा. वायू बदलला तर पुन्हा मोजा. हेलियम उष्णता झपाट्याने वाहून नेतो, अ‍ॅरगॉन तसा नेत नाही.

गोळीची पातळी

कारखान्यात पूड वापरत नाहीत. काही मिलिमीटरच्या गोळ्या किंवा कांड्या असतात, नाहीतर वायूचा दाब फार पडतो. विसरणाचा अडथळा त्रिज्येच्या वर्गाने वाढतो. ०.१ मिलिमीटरच्या कणावरून ३ मिलिमीटरच्या गोळीवर आलात की त्रिज्या ३० पट, आणि अडथळ्याचं गणित ९०० पट. पुडीवर मिळालेला दर गोळीला जसाच्या तसा लावता येत नाही, तो यामुळेच.

गोळी आतून कशी आहे हे पाहायला ती कापा. पोदेराकडचा (पाववाल्याकडचा) उंडो पाव मधोमध कापला की साल किती भाजली आणि आत किती ओलावा आहे हे जसं एका नजरेत कळतं, तसंच इथे. कापण्याआधी गोळी रेझिनमध्ये बसवा, म्हणजे कडा चुरत नाही. काजळी असेल तर काळी कडा आणि फिकट गाभा साध्या भिंगाखालीही दिसतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली कडेपासून मध्यापर्यंत निकेलची रेषा घ्या. गोळ्या घाईत वाळवल्या तर निकेलचं द्रावण पाण्याबरोबर पृष्ठभागाकडे ओढलं जातं आणि सालीतच बसतं. हे तयारीतलं दुखणं. अभिक्रियेवर त्याचं खापर फोडू नका, आणि म्हणूनच न वापरलेली गोळीही तशीच कापून पाहा. सूक्ष्मदर्शकाला जोडलेलं मूलद्रव्य-विश्लेषण २० किलोव्होल्टला साधारण काही मायक्रोमीटर खोल आणि रुंद भागाची सरासरी देतं. त्याहून बारीक तपशील त्या नकाशातून काढायला जाऊ नका.

न कापता पाहायचं असेल तर एक्स-रे टोमोग्राफी. ३ मिलिमीटरची गोळी आणि २००० चौकटींचा शोधक असेल तर एक चौकट दीड मायक्रोमीटरची पडते. भोकं, भेगा आणि निकेलचे जाड पुंजके दिसतात. काजळी दिसत नाही, कारण कार्बन एक्स-रे फार कमी अडवतो आणि अ‍ॅल्युमिनापुढे हरवून जातो.

काजळीचं एकूण वजन हवेत तापवून, वजन किती घटतं त्यावरून काढतात. इथे एक सापळा आहे. काजळी जळून वजन घटत असताना निकेल ऑक्सिजन घेऊन वजन वाढवत असतं. निकेलचं निकेल ऑक्साइड होताना वजन २७ टक्क्यांनी वाढतं. उत्प्रेरकात १० टक्के धातूरूप निकेल असेल तर एकूण वजन २.७ टक्के वर जातं. काजळी २ टक्केच असली तर वजन शेवटी वाढलेलं दिसतं! बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मास स्पेक्ट्रोमीटरने मोजला तर ही भानगड उरत नाही.

कणाचा आकार: तीन यंत्रं, तीन उत्तरं, तिन्ही बरोबर

माझ्या मते या कामातला सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे, म्हणून सावकाश सांगते.

समजा आपल्याकडे ५ नॅनोमीटरचे १०० कण आहेत आणि २० नॅनोमीटरचे ५. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात मोजून साधी सरासरी काढली तर ५.७ नॅनोमीटर येते. एक्स-रे विवर्तन आकारमानाप्रमाणे वजन देतं, मोठ्या कणांचा आवाज तिथे मोठा. त्याची सरासरी १६.४ येते. हायड्रोजन शोषून पृष्ठभाग मोजला तर वजन क्षेत्रफळाप्रमाणे पडतं, तिथे ११.७. एकच बाटली, तीन आकडे, आणि कुठल्याही यंत्राची चूक नाही. सूक्ष्मदर्शकातले ५.७ आणि विवर्तनातले १६.४ पाहून 'मोजमाप जुळत नाही' म्हणून एक आकडा गाळणारे खूप भेटतात. गाळू नका. त्या दोन आकड्यांमधलं अंतरच तुम्हाला सांगतं की थोडे कण फार मोठे झाले आहेत. उत्प्रेरक जाड होण्याची ती पहिली खूण असते. तिन्ही सरासऱ्या सूक्ष्मदर्शकातल्या मोजणीवरूनच काढा आणि मग बाकीच्या यंत्रांशी ताडून पाहा. किमान २०० कण मोजा, वेगवेगळ्या ठिकाणचे, आणि 'छान दिसणारे' निवडू नका.

विवर्तनातून आकार काढायला शेररचं १९१८चं सूत्र अजून पुरतं; ते शिखराच्या रुंदीवरून कणाचा आकार देतं. तांब्याच्या किरणांनी निकेलचं सगळ्यात मोठं शिखर ४४.५ अंशांवर येतं, आणि विद्यार्थी हमखास तेच घेतात. पण गॅमा अ‍ॅल्युमिनाचं रुंद शिखर ४५.८ च्या आसपास आहे. दोन्ही मिसळतात आणि निकेल आहे त्यापेक्षा बारीक भासतं. ५१.८ अंशांचं शिखर घ्या. ते बुटकं आहे, पण एकटं आहे. यंत्राची स्वतःची रुंदी वजा करून ०.९ अंश उरली तर आकार ९.८ नॅनोमीटर येतो. २६ अंशांच्या जवळ नवं शिखर उगवलं तर ते ग्राफाइटसारख्या काजळीचं.

आणि लक्षात ठेवा, १० नॅनोमीटरच्या निकेल कणात पृष्ठभागावर जेमतेम दहा टक्के अणू असतात. विवर्तन उरलेल्या नव्वदांबद्दल बोलतं, अभिक्रिया या दहांवर चालते.

विवर्तनाच्या गरम कोषात वायू बहुधा नमुन्याच्या वरून वाहतो, थरातून जात नाही. त्यामुळे तिथला दर भट्टीतल्या दराशी जुळेलच असं नाही. दोन्हीकडचा दर दर ग्रॅममागे काढून शेजारी शेजारी लिहा. फार तफावत असेल तर त्या निरीक्षणाला 'इन सिटू' म्हणा, 'ऑपरेंडो' म्हणू नका.

जाता जाता एक: रंग पाहायला विसरू नका. ५०० अंशांना भाजलेली पूड राखाडी-हिरवट असते, तिच्यात निकेल ऑक्साइड असतं. ८०० ला भाजलेली फिकट निळी होते. निकेल अ‍ॅल्युमिनात शिरून स्पिनेल (दोन्हींचं मिश्र ऑक्साइड) झालेलं असतं. हिरवट पूड हायड्रोजनमध्ये साधारण ४०० अंशांपर्यंत क्षपण होऊन काळी पडते, निळीला ७५०-८०० लागतात. निळी पूड ५०० ला क्षपण करून 'उत्प्रेरक काम करत नाही' असं ठरवलेलं मी पाहिलं आहे. बाटली उजेडात धरली असती तर महिनाभराचं काम वाचलं असतं.

रामन आणि इन्फ्रारेड

काजळीच्या प्रकारासाठी रामन उत्तम. १३५० च्या आसपासचा पट्टा विस्कळीत कार्बनचा, १५८० चा ग्राफाइटसारख्या मांडणीचा (इथले पट्ट्यांचे आकडे प्रति सेंटिमीटर या एककात आहेत). रोज सकाळी सिलिकॉनच्या ५२०.७ वर यंत्र तपासा. ७०० अंशांना नमुना स्वतःच लालसर तळपतो आणि ७८५ नॅनोमीटरचा लेझर त्या उजेडात बुडून जातो. ५३२ चा घ्या, ४०५ चा मिळाला तर त्याहून चांगलं. काळा नमुना लेझर शोषून आणखी तापतो. शक्ती निम्मी करून पाहा. शिखर सरकलं तर तुम्ही लेझरनेच नमुना भाजत होता. ठिपका मायक्रोमीटरभराचा असतो, म्हणून एका जागेवर विश्वास ठेवू नका, पंचवीस-तीस जागांचा नकाशा घ्या.

इन्फ्रारेड या अभिक्रियेत ७०० अंशांना फार काही देत नाही, तापलेल्या नमुन्याचाच प्रकाश आड येतो. कमी तापमानाच्या अभिक्रियांना मात्र ते अतिशय उपयोगी. निकेलवर थंडीत कार्बन मोनॉक्साइड सोडून शोषणाचे पट्टे पाहायचा मोह होईल. २०५७ वर टोकदार पट्टा दिसला तर थांबा, ते वायुरूप कार्बोनिल आहे.

गोव्यात इन्फ्रारेडवाल्यांचा खरा शत्रू हवा. पोटॅशियम ब्रोमाइडची खिडकी जूनमध्ये सकाळी लावली तेव्हा काचेसारखी होती, संध्याकाळी तांदळाच्या धुवणासारखी पांढुरकी झाली. बोट फिरवलं तर चिकट लागली. तेव्हापासून जून ते सप्टेंबर झिंक सेलेनाइड किंवा कॅल्शियम फ्लोराइडच्या खिडक्या, आणि यंत्राच्या पोटात चोवीस तास कोरडी हवा. चाळलेली पूड १२० अंशांच्या ओव्हनमधून थेट डेसिकेटरमध्ये. सिलिका जेलचा रंग बदलला की त्याच दिवशी भाजा.

इंदूरला जाण्याआधी

निकेलची अवस्था चालू अभिक्रियेत पाहायला एक्स-रे शोषण लागतं, आणि त्यासाठी सिंक्रोट्रॉन, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन फिरवून प्रखर एक्स-रे देणारं मोठं यंत्र. आपल्या देशात तो इंदूरला, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात आहे: २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा इंडस-२. तिथे शोषणासाठी दोन वेगळ्या किरणरेषा आहेत. बीएल-८ वर सगळ्या ऊर्जा एकदम पडतात, त्यामुळे झपाट्याने होणारे बदल टिपता येतात. बीएल-९ वर ऊर्जा पायरीपायरीने बदलते, वेळ जास्त लागतो पण आलेख स्वच्छ येतो. भारतीय संशोधकांना हॅम्बुर्गच्या पेट्रा-३ आणि जपानच्या फोटॉन फॅक्टरी या सिंक्रोट्रॉनवरही काम करता येतं. सगळीकडे प्रस्ताव लिहावा लागतो, आणि तुमचा कोष घरी चालवून दाखवलेला असेल तर प्रस्तावाला वजन येतं.

निकेलची कडा, म्हणजे जिथे त्याचं शोषण एकदम वाढतं ती ऊर्जा, ८३३३ इलेक्ट्रॉनव्होल्टला आहे. या ऊर्जेला अ‍ॅल्युमिनाच किरण बराच खातं. सैल भरलेल्या पुडीत साधारण अर्ध्या मिलिमीटरमध्ये किरण एक-तृतीयांशाच्या आसपास उरतो. म्हणून नमुना भरायला १ मिलिमीटरहून जाड केशनळी घेऊ नका. केशनळीतून वायू थरातून वाहतो, ही तिची मोठी जमेची बाजू. गळती घरीच तपासा, सलग दोन दिवस चालवा, चार-पाच नळ्या जास्तीच्या भरून न्या. प्रवासात दोन तरी तुटतात. वायूचे सिलिंडर तिकडेच मागवावे लागतात. ते पत्र दोन महिने आधी जाऊ द्या.

सोबत निकेलचा पत्रा, निकेल ऑक्साइड आणि स्पिनेल यांचे नमुने न्या. पत्रा प्रत्येक मोजमापात मागे लावून ठेवा, ऊर्जा सरकली तर तोच साक्षीदार. आणि ७०० अंशांवरचं मोजमाप खोलीच्या तापमानाच्या मानकाशी थेट ताडू नका. तापलेले अणू थरथरतात, आलेखाच्या लाटा बुटक्या होतात आणि शेजारी अणू कमी झाल्याचा भास होतो. मानकही त्याच तापमानाला घ्या. किरण स्वतः काही घडवतो आहे का हे पाहायला दहा मिनिटं शटर बंद करा, मग उघडा. आलेख जिथे सोडला तिथेच असला पाहिजे.

सगळ्यात लहान पातळी

२००४ मध्ये डेन्मार्कच्या हाल्दोर टोप्सो कंपनीतल्या स्टिग हेल्वेग आणि सहकाऱ्यांनी मिथेनमध्ये ठेवलेल्या निकेल कणावर कार्बनचा तंतू वाढताना अणूंच्या पातळीवर पाहिला. निकेलच्या पृष्ठभागावर पायऱ्या तयार होतात, कार्बनचे थर तिथून उगवतात, आणि कण लांबट होऊन परत आक्रसतो. आपण भट्टीत फक्त 'काजळी' म्हणतो त्यामागे हे चाललेलं असतं. मी तो अभ्यास पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्रभर झोपले नव्हते.

अशा सूक्ष्मदर्शकात दाब काही मिलिबारपर्यंतच जातो. सिलिकॉन नायट्राइडच्या पातळ खिडक्यांचा कोष वापरला तर वातावरणाच्या दाबापर्यंत जाता येतं, पण खिडक्यांमुळे चित्र थोडं धूसर होतं. ही सोय दुर्मिळ आहे. साधा उच्च-विभेदन टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) मात्र आयआयटी मुंबईच्या सैफ या सामायिक यंत्रांच्या केंद्रात पैसे भरून मिळतो, आणि देशात कुठे काय यंत्र आहे हे आय-स्टेमच्या पोर्टलवर शोधता येतं. नमुना पाठवताना तो हवेत आपसूक जळू नये म्हणून १ टक्का ऑक्सिजनने थंडपणे निष्क्रिय करा, आणि कणाभोवती दिसणारा ऑक्साइडचा थर त्या पायरीने आणला आहे हे लिहून ठेवा. निकेल चुंबकीय आहे, हे ऑपरेटरला आधी सांगा. अक्षरं कोरलेली जाळी मागा, म्हणजे तोच कण रामनखाली आणि परत टीईएमखाली सापडतो. आणि मोठं करण्याआधी प्रत्येक वेळी कमी वर्धनाचा एक फोटो. त्याच्याशिवाय तुम्ही कुठे होता हे उद्या कळणार नाही.

बाटल्या

थर बाहेर काढताना एकत्र ओतू नका. वरचा, मधला आणि खालचा भाग वेगळ्या बाटल्यांत, निष्क्रिय वायूखाली. बाटलीवर तारीख, प्रयोगाचा क्रमांक, थरातली जागा, किती तास चालला आणि शेवटचा दर, पेन्सिलने. बॉलपेनची शाई सॉल्व्हेंट लागलं की पसरते. एकाच प्रयोगाच्या याच तीन बाटल्यांमधून विवर्तन, रामन, वजन आणि टीईएमचे नमुने घ्या. वेगवेगळ्या घाण्यांचे नमुने वेगवेगळ्या यंत्रांना दिले तर पातळ्या जोडणारा धागाच तुटतो. माझ्या कामातलं उत्तर अशाच तीन बाटल्यांतून आलं. वरच्या बाटलीत अगदी बारीक आणि फार मोठे असे दोन्ही टोकांचे कण होते आणि काजळी तंतूंची होती. खालच्या बाटलीत कण जवळजवळ जसे भरले तसेच होते. मधली बाटली सगळ्यात महत्त्वाची ठरली, कारण तिच्यात कण जाड व्हायला लागले होते आणि काजळी अजून आलीच नव्हती.